लंगोटात उरलेला साबण

श्रोतेहो, नमस्कार.

लेकीचं बाळंतपण माझ्याकडे झालं. जुन्या सुती साड्यांची दुपटी, मलमलीचे नाडीचे त्रिकोणी लंगोट, सगळं मी आधीच शिवून ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात नातीच्या जांघा लालभडक झाल्या. बाळ बघायला येणारा जो तो म्हणे, "कापड काचतंय तिला, विकतचे डायपर लावा." मला फार लागलं ते, कारण धुण्यात मी काही कमी केलं नव्हतं. मूठभर पावडर आणि शेवटच्या पाण्यात झाकणभर जंतुनाशक, रोज.

एका दुपारी तारेवरून काढलेला, खडखडीत वाळलेला लंगोट मी साध्या कोमट पाण्यात बुडवून दोन्ही हातांनी चोळला. पाण्यात काही घातलं नव्हतं, तरी ते दुधाळ झालं आणि बादलीच्या कडेला फेस धरला. धुतलेला लंगोट होता तो! बाळाने शू केली की तोच साबण ओला होऊन तिच्या कोवळ्या कातडीला लागत होता. त्यानंतर पावडर निम्म्याहून कमी केली, जंतुनाशक बंद केलं, आणि फेस दिसेनासा होईपर्यंत खळबळायला लागले. चार-पाच दिवसांत लाली ओसरली.

तुमच्या घरीही हे करून बघा. बोअरचं जड पाणी असेल तर नक्कीच, कारण जड पाण्यात फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण घालतो आणि तो क्षारांबरोबर धाग्यात चिकटून बसतो. कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विड तर लंगोटाला लावूच नका. त्याचा थर बसतो आणि कापड ओल शोषत नाही. नव्या कोऱ्या सुती कापडाचंही असंच, चार-पाच धुण्यांनंतर ते शोषायला लागतं. आजीच्या जुन्या साडीचा लंगोट चांगला म्हणतात तो उगाच नव्हे.

शीचा लंगोट आधी गार पाण्याखाली धरा. एकदम गरम पाणी घातलं तर डाग पक्का होतो. नंतर साबणाला गरम पाणी चालतं. रोज उकळायची गरज नसते. बाळाला जुलाब झाले असतील तर साधे सुती लंगोट जरूर उकळा. मात्र वरून घालायची प्लास्टिकचा थर असलेली चड्डी उकळू नका आणि तिच्यावर इस्त्रीही फिरवू नका. पिवळा डाग राहिला म्हणजे लंगोट घाण, असं नाही. ओलाच उन्हात घाला, डाग फिका होत जातो.

रात्रभर बादलीत भिजत घालणं बऱ्याच घरांत चालतं. सकाळी जो नाकाला झोंबणारा वास येतो, तो लघवीतून जंतूंनी तयार केलेल्या अमोनियाचा. शिवाय रांगतं मूल घरात असेल तर पाण्याने भरलेली बादली हा जिवाला धोका आहे. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवली की कुबटपणा जातो. आणि प्रवासात, रात्री विकतचा डायपर लावला तर मनाला लावून घेऊ नका, फक्त तो वेळेवर बदला. ओलं राहिलं की कापडातही पुरळ येतंच. दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही, किंवा जांघेच्या घडीत लालबुंद चट्टा आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर डॉक्टरांना दाखवा. ती बुरशी असू शकते.

जाड लंगोटाने पाय फेंगडे होतात, असं मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं. नवजात बाळाचे पाय पोटातल्या बसण्यामुळेच वाकडे असतात आणि दोनेक वर्षांत सरळ होतात. मांड्या फाकलेल्या राहणं खुब्याच्या सांध्याला चांगलंच. पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणं मात्र खुब्याला घातक.

आणखी एक, पहिलटकरणींसाठी. दूध पुरतंय का, हा घोर प्रत्येकीला असतो. कापडी लंगोट ओला झाला की लगेच कळतो, म्हणून ते मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट निघाले पाहिजेत. आकडा कमी भरला, किंवा शू गडद पिवळी दिसली, तर वाट न बघता त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडे न्या.

नमस्कार.