नावेची झांकी

नमस्कार श्रोतेहो. इंदूरला समुद्र नाही, आपलं प्यायचं पाणीसुद्धा सत्तरेक किलोमीटरवरून नर्मदेतून वर चढवून आणतात, तेव्हा हा माणूस आज समुद्रातल्या बोटींचं काय घेऊन बसला असं वाटेल तुम्हाला, पण ऐका तर.

ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांना वाचवणारी एक संस्था आहे, आरएनएलआय म्हणजे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, 1824 सालची. सरकारी खातं नाही हं. बोटीवर जाणारे बहुतेक सगळे व्हॉलंटियर, कोणी प्लंबर, कोणी मास्तर, पेजर वाजला की ताटावरून उठून पळायचं नि अंधारात बोट पाण्यात घालायची. अशी 238 स्टेशनं आहेत, आणि हे सगळं चालतं मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर नि मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांवर.

आता 1886 च्या डिसेंबरातली गोष्ट. इंग्लंडातल्या लँकेशरच्या किनाऱ्याजवळ 'मेक्सिको' नावाचं जहाज वादळात अडकलं, तीन गावांच्या बोटी निघाल्या. लिथमच्या बोटीने जहाजावरचे 12 च्या 12 जण सुखरूप आणले, पण सेंट ॲन्सच्या बोटीतले 13 पैकी एकही परतला नाही आणि साउथपोर्टच्या 16 पैकी 14 गेले. म्हणजे वाचवायला गेलेलेच 27 बुडाले.

सेंट ॲन्सला चार्ल्स मकारा म्हणून एक गृहस्थ राहायचे, सुती कापडाचे कारखानदार, धंदा मँचेस्टरला. त्यांनी पुढे काय केलं, तर 10 ऑक्टोबर 1891, शनिवारी, मँचेस्टरच्या भर रस्त्यातून बँड लावून लाइफबोटींची मिरवणूक काढली, लांब काठ्यांना थैल्या बांधल्या आणि ट्रामच्या वरच्या मजल्यावर, घरांच्या खिडक्यांपर्यंत पोचवल्या. 5 हजार पाउंडांच्या वर जमले! समुद्र तिकडे दूर, आणि पैसे देणारं गाव गिरण्यांचं.

मला तर आपली अनंत चतुर्दशीच दिसली. आपली कापडाची हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली तरी गणपतीच्या मिरवणुकीत तिची झांकी, म्हणजे सजवलेला चित्ररथ, निघतेच की, नि आपण जेल रोडला कुणाच्या तरी ओट्यावर रात्रभर ताटकळत बसतोच.

हे आठवलं कारण मागे ओंकारेश्वरला नावेत बसलो, तिथे लाइफ जॅकेटं होती पण एका कोपऱ्यात ढीग घालून, मी एक उचललं तर बकल तुटलेलं नि त्या जागी चक्क परकराची नाडी. नावाडी हसला, म्हणाला, "बाबूजी, आप काहे घबराते हो, डूबोगे तो हम ही कूदेंगे ना." आणि तो उडी मारणारच, त्याबद्दल मला शंका नाही, पण त्याच्या स्वतःच्या अंगावर नुसती बनियन होती.

परवा आमच्या गणेश मंडळात विषय काढला, म्हटलं यंदा वर्गणीतून घाटावरच्या नावाड्यांना पन्नास चांगली जॅकेटं देऊ. खजिनदार बराच वेळ गप्प, मग विचारतात, "ते ठीक आहे हो, पण जॅकेटच्या पाठीवर मंडळाचं नाव मोठ्या अक्षरात येईल ना?"

म्हटलं, येईल.