जेटीवरचे दोन मीटर

(पणजीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका भूलतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. व्याख्यानमालेचे चिटणीस घरी आले तेव्हा त्यांना माझ्याकडून मधुमेह हवा होता. मी म्हटलं, मधुमेहावर बोलणारे तुम्हाला गल्लोगल्ली मिळतील, मी पॉवरबोटींच्या शर्यतीवर बोलतो. त्यांचा चेहरा पडला. डॉक्टर निवृत्त झाले नि आता नसते छंद लागले, असं त्यांना वाटलं असावं. छंद वगैरे काही नाही. माझा सगळा जन्म थांबलेला श्वास चालू ठेवण्यात गेला, आणि या शर्यतीतही माणसाचा जीव अडकतो तो श्वासापाशीच.

फॉर्म्युला वनच्या मोटारी आपल्याला माहीत असतात. तशीच पाण्यावरची जागतिक मालिका १९८१ पासून चालू आहे. २००४ साली ती मुंबईत मरीन ड्राइव्हला आली होती, २०१८ साली विजयवाड्याजवळ कृष्णेच्या पात्रात झाली. आपल्या मांडवी नदीचं रुंद पात्र बघून ‘इथेच का नको?’ असं कुणाला तरी आज ना उद्या वाटणारच. वाटू दे. पण तेव्हा जेटीवर कोण उभं असेल, हे आजपासून विचारायला हवं.

आधी बोट समजून घ्या. लांबी सहा मीटर, वजन चारशे किलोच्या आसपास, वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. खाली दोन तळ आणि त्यांच्यामध्ये बोगदा. वेगात त्या बोगद्यात हवा कोंडते आणि बोट अर्धी पाण्यावर, अर्धी हवेवर धावते. गंमत इथेच आहे आणि धोकाही इथेच. समोरून एखादी लाट आली, वाऱ्याचा झोत आला, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, जरा जास्त वर गेली, की खालून हवा घुसते आणि बोट पतंगासारखी उलटी होते. त्या वेगाला पाणी हे पाणी राहत नाही, फरशी होते.

४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमध्ये कॉनिस्टनच्या सरोवरावर वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेलची ‘ब्लूबर्ड’ बोट अशीच उलटली. वेग ताशी ३०० मैलांच्या पुढे होता. सरोवर काही समुद्र नव्हे, काठावर माणसं होती, तरी त्याचा देह सापडायला २००१ साल उजाडलं. पुढे १९८०च्या दशकात पाण्यावरच्या या फॉर्म्युला वनमध्ये चालक दगावू लागले तेव्हा ख्रिस हॉजेस या बोट बांधणाऱ्या माणसाने चालकाभोवती एक भक्कम कवच बसवलं. बोटीच्या चिंध्या झाल्या तरी ते शाबूत राहतं. त्यामुळे आघाताने मरणारे वाचायला लागले. पण मग नवीनच प्रश्न आला. माणूस जिवंत आहे, शुद्धीत आहे, पण पट्ट्यांनी बांधलेला, उलटा आणि पाण्याखाली.

म्हणून या चालकांना शर्यतीआधी एक परीक्षा द्यावी लागते. खोट्या कॉकपिटमध्ये बसवून, पट्टे आवळून, हौदात उलटं करतात. स्वतःचं स्वतः बाहेर या. ऐकायला सोपं वाटतं. उलटं झाल्यावर वर कुठे नि खाली कुठे तेच कळत नाही, नाकात पाणी जातं, आणि हात पहिल्यांदा पट्ट्याकडे जातो. तीच चूक. एक हात आधी ओळखीच्या दांडीवर घट्ट, हालचाल थांबेपर्यंत थांबायचं, मग दुसऱ्या हाताने पट्टा. आधीच पट्टा सोडला तर माणूस आतल्या आत तरंगतो आणि दार सापडत नाही. आपल्या खाणपट्ट्यातले बार्जवाले हे न शिकवता जाणतात, त्यांना विचारून बघा.

बरं, तो बेशुद्ध असेल तर? तर पहिला पोहोचणारा मी नाही. डॉक्टर काठावर बसून काही उपयोगाचा नाही, हे कबूल करायला आमच्या जमातीला फार वेळ लागतो. पहिला पोहोचतो पाणबुड्या. वळण दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांजवळ बचावबोटी उभ्या असतात, त्यात पोशाख चढवून, टाकी पाठीवर घेऊन माणसं बसलेली असतात. अपघात बघून पोशाख चढवायला घेतला तर संपलं. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चारेक मिनिटांत त्याची हानी सुरू होते, आणि त्यातली दोन मिनिटं अपघात झाला आहे हे पटण्यातच जातात.

आता तो वर आला. इथे आपल्या सगळ्यांना एक सांगायचंय, शर्यत असो वा नसो. किनाऱ्यावर अजूनही बुडालेल्या माणसाला पालथा घालून पोट दाबतात, पाय धरून उलटा लटकवतात. मी स्वतः पाहिलंय, आणि करणारे प्रेमानेच करतात. नका करू. फुप्फुसात गेलेलं पाणी फार नसतं आणि पोट दाबून येतं ते पोटातलं, तेही अन्नासकट श्वासनलिकेत जातं. दुसरी गोष्ट. आपल्याकडे सामान्य माणसाला हल्ली फक्त छाती दाबायला शिकवतात. हृदयविकाराला ते ठीक. बुडालेल्याच्या रक्तातला प्राणवायूच संपलेला असतो, नुसती छाती दाबून तुम्ही रिकामं रक्त फिरवता. त्याला आधी श्वास हवा. युरोपातली पद्धत सांगते आधी पाच श्वास, मग तीस दाब नि दोन श्वास. तोंडाला फेस येईल, येऊ दे, तो पुसत बसू नका. बचावबोटीत अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, असेल तर उत्तम, नाहीतर तुमचं तोंड आहेच.

आणि मानेचं काय? नुसत्या बुडण्यात मान सहसा मोडत नाही. पण दोनशेच्या वेगाने आपटलेल्याची मान मोडलीच आहे असं धरून चालायचं. डोकं मागे न वळवता जबडा पुढे ओढून श्वास द्यायचा, हेल्मेट दोघांनी मिळून काढायचं, एकाचे हात मानेखाली. मान जपायची, पण मानेसाठी श्वास थांबवायचा नाही. हा क्रम ठरवायला काठावर वेळ नसतो, आधीच ठरलेला असावा लागतो.

इथपर्यंत सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नसतं ते जेटीवर.

काही वर्षांपूर्वी एका जलक्रीडा स्पर्धेच्या वैद्यकीय तयारीत मी होतो. जेटीची पाहणी आम्ही सकाळी दहाला केली. भरती होती. बचावबोट जेटीच्या कडेला अगदी समपातळीत, स्ट्रेचर नुसतं सरकवलं की वर. मी वहीत ‘ठीक’ असं लिहून सही केली. स्पर्धा दुपारी चारला. आदल्या दिवशी त्याच वेळी रंगीत तालीम घ्यायचं कुणाला तरी सुचलं म्हणून वाचलो. बोट आली तेव्हा जेटीवर बसलेला एक म्हातारा तारवटी, म्हणजे खलाशी, म्हणाला, “दोतोर, आतां सुकती.” सुकती म्हणजे ओहोटी. बोट खाली गेली होती, आणि जेटीची कड माझ्या डोक्याच्याही वर. पौर्णिमा जवळ होती, त्या दिवसांत आपल्याकडे पाणी दोन मीटरच्या आसपास उतरतं. मी जन्माचा पणजीकर, रोज ही नदी बघतो, आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

रुग्ण म्हणून आम्ही एका धिप्पाड जीवरक्षकाला निजवलं होतं. त्याला स्पाइन बोर्डवर, म्हणजे पाठीचा कणा हलू नये म्हणून वापरतात त्या कडक पाटावर, पट्ट्यांनी आवळलं आणि वर चढवायला घेतलं. उतरायला होती लोखंडी शिडी, शेवाळलेली, तिला कालवं चिकटलेली. दोघे वरून ओढताहेत, दोघे खालून ढकलताहेत, बोट लाटेबरोबर हलते आहे, आणि बोर्ड हळूहळू उभा होत होत जवळजवळ सरळ झाला. त्याचा सगळा भार खांद्याच्या पट्ट्यावर. खालच्या एकाचा तळहात कालवांनी फाटला. या सगळ्यात श्वास कोण देणार होतं? कुणीच नाही. मी घड्याळ बघत होतो. सहा मिनिटं. आणि रुग्ण अजून शिडीवर.

इथेच घोडं पेंड खातं. हेलिकॉप्टर, व्हेंटिलेटर यांचीच चर्चा होते, आणि माणूस अडतो तो जेटीच्या त्या दोन मीटरांत.

उपाय साधा होता. पाण्याबरोबर वरखाली होणारा तराफा बांधला, त्यावरून काठापर्यंत उताराची फळी टाकली. खर्च म्हणाल तर मंडपाच्या सजावटीपेक्षा कमी. शर्यतीच्या वेळा पंचांगाने नव्हे, भरती-ओहोटीच्या तक्त्याने ठरवाव्यात असंही मी तेव्हा सुचवलं. शक्यतो सकाळीच, कारण दुपारनंतर खारा वारा सुटतो, नदीच्या मुखाकडून लाटा येतात, आणि आखूड लाटा या बोटींच्या वैरी.

तराफ्यावरून रुग्ण रुग्णवाहिकेत गेला की संपलं, असं नाही. आपलं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळीला, १८४२ सालच्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारं. पणजीहून तसं जवळ. पण शिगम्याची मिरवणूक असते तेव्हा पणजीतले रस्ते कसे होतात हे मी पणजीकरांना सांगायला नको. शर्यत बघायला लोक जमणार ते नदीकाठच्या रस्त्यावर, आणि १०८ची गाडी त्याच गर्दीमागे. म्हणून गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला, पुढचा रस्ता दोरी लावून मोकळा, आणि त्या दोरीवर एक पोलीस जो शर्यत बघत नाही. असा पोलीस मिळणं सर्वांत अवघड.

तंबूत येणारे रुग्ण मात्र बहुतेक प्रेक्षकच असतात. उन्हाने चक्कर आलेले, कालवांवर पाय कापून घेतलेले. त्यांच्याकडे एक परिचारिका आणि भरपूर पाणी पुरतं.

खरी भांडणं होतात ती शर्यत थांबवणाऱ्या लाल बावट्यावरून. एक बचावबोट रुग्ण घेऊन काठाला गेली, तर ती तिच्या जागी परत येईपर्यंत शर्यत थांबली पाहिजे. रुग्णवाहिका निघाली तर दुसरी येईपर्यंत थांबली पाहिजे. प्रेक्षक ओरडतात, वाहिनीवाले ताटकळतात, आयोजक कानाशी येऊन “डॉक्टर, पाचच मिनिटं” म्हणतो. “नाही” म्हणायचा अधिकार आधी कागदावर घ्या, तोंडी आश्वासन मानू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे, स्पर्धेच्या आधी, ओहोटीच्या वेळीच आम्ही तराफ्यावर पुन्हा तालीम घेतली. कालचा जीवरक्षक बोर्डकडे बघून मागे सरला. “दोतोर, आयज दुसऱ्याक निजयात,” म्हणाला. मग मीच आडवा झालो. पट्टे आवळले, मानेला कॉलर लागली, आणि मला दिसायला उरलं ते फक्त आभाळ आणि वर उडणारी एक घार. कानाशी कुणीतरी मोजत होतं, आणि तराफा खालून संथ हलत होता. फळीवरून वर नेताना कुणाचा तरी पाय घसरला, बोर्ड तिरका झाला, पण डोक्याशी बसलेल्या पोराने माझ्या नाकावरचा मास्क सोडला नाही. वर गेल्यावर मी त्याला घड्याळ विचारलं. तो म्हणाला, बघायला वेळ नव्हता.