थंड इंजिन, पांढरा धूर

मंडळी, रात्रभर बंद असलेलं डिझेल इंजिन सकाळी चालू केलं की थरथरतं, एखादा सिलिंडर मिस करतो (त्यातलं इंधन पेटत नाही), सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि दोन-तीन मिनिटांत सगळं शांत होतं. अशा वेळी लगेच इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचे तुषार मारणारे भाग) काढून पंपवाल्याकडे पाठवले जातात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की इंजेक्टरला हात सगळ्यात शेवटी लावा.

डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा साधारण 16 ते 22 पट दाबली जाते, तिचं तापमान 500 अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्या हवेत डिझेलचे तुषार पेटतात. इंजिन गार असताना यातली बरीच उष्णता सिलिंडर आणि पिस्टनच ओढून घेतात. त्यात स्टार्टर मंद फिरला तर हवेला गळायला आणि गार व्हायला जास्तच वेळ मिळतो. म्हणून पहिली तपासणी बॅटरीची. स्टार्टर फिरताना 12 व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली उतरत असेल, तर आधी ती, तिच्या तारा आणि अर्थिंगची जोडणी दुरुस्त करा.

मग धुराचा वास घ्या. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे न जळलेलं इंधन. गोडसर वासाचा, इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि सोबत घटणारं कूलंट दिसलं, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलकडे बघा. निळा धूर ऑइलचा. तो फक्त सकाळी येत असेल तर रात्रभर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल झिरपतंय, अशी शंका घ्यावी.

कच्च्या डिझेलचा धूर असेल तर पुढचा प्रश्न: एक सिलिंडर की सगळे? इंजिन चालू झाल्याबरोबर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) प्रत्येक फाट्याचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. जो फाटा गार राहील तो दोषी. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात एकेका इंजेक्टरचा पाइप सैल करून बघण्याची पद्धत आहे. ज्याचा पाइप सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तोच सिलिंडर काम करत नाही. पण कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल मिळतं अशा इंजिनात, हे कदापि करू नका. तिथे हजार बारपेक्षाही जास्त दाब असू शकतो, आणि ती धार कातडी भेदून आत शिरते. अशी जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

एकच सिलिंडर गार असेल तर बहुधा ग्लो प्लग (गार इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारा विजेचा प्लग) गेलेला असतो. सगळ्या प्लगना जोडणारी पट्टी काढा आणि प्रत्येकाचा रोध मोजा. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली आहे. चारही प्लग एकदम जात नाहीत, तेव्हा सगळेच बंद दिसले तर फ्यूज आणि रिले बघा. नव्या इंजिनांतले काही प्लग 4 ते 7 व्होल्टचे असतात. त्यांना थेट बॅटरी लावून तपासलं की ते जळतात. प्लग काढताना इंजिन कोमट असू द्या आणि आटे आधी तेलात भिजू द्या, कारण टोक हेडमध्ये तुटलं तर काम दहापट वाढतं. निघालेल्या प्लगचं टोक वितळलेलं असेल, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर मात्र तपासायलाच हवा. नाहीतर नवा प्लगही तसाच जाईल.

इंजिन पटकन चालू होतं, चार-पाच सेकंदांनी अडखळतं आणि मग सावरतं, हे लक्षण वेगळं आहे. तिथे लाइनमध्ये एअर आहे. पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन उठतं आणि मागून बुडबुडे येतात. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक नळी जोडा, बुडबुडे डोळ्यांना दिसतील. फिल्टरचं सील, हँड प्राइमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) आणि तडकलेले रिटर्न पाइप हे नेहमीचे दोषी. बाहेर डिझेलचा थेंबही न गळता हवा आत शिरू शकते, म्हणून कोरडा जोड बघून फसू नका.

एवढं करूनही मिस राहिलंच, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजा. सिलिंडरांमधला फरक 3-4 बारपेक्षा जास्त असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा, मग रिंगा आणि व्हॉल्व्ह. कॉम्प्रेशन ठीक असून सगळेच सिलिंडर पांढरा धूर देत असतील, तर इंजेक्शनचं टायमिंग मागे गेलेलं, म्हणजे डिझेल उशिरा फवारलं जात असू शकतं. आणि ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारून स्टार्ट करू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फोडू शकतो.