सुश्रुतांचं हे चित्र कोणाचं?

(ठाण्यात डॉक्टर आणि चित्रकला-रसिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, पडद्यावरचं चित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल. नौपाड्यातल्या एखाद्या दवाखान्यात, पुस्तकात, नाहीतर फोनवर आलेल्या संदेशात. सुश्रुत शस्त्रक्रियेच्या तयारीत आहेत, रुग्णाला आप्तांनी धरून ठेवलंय. खाली चित्रकाराचं नाव सहसा नसतं, त्यामुळे हे आपल्याकडचंच कुठलं तरी जुनं चित्र असावं असं वाटून जातं.

ते काढलं रॉबर्ट थॉम या अमेरिकन इलस्ट्रेटरने. विसाव्या शतकाच्या मध्यावर पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने त्याच्याकडून औषधनिर्मितीच्या इतिहासावर ४० आणि वैद्यकाच्या इतिहासावर ४५ चित्रं करून घेतली. मजकुराची बाजू जॉर्ज बेंडर यांनी सांभाळली. छापील प्रती डॉक्टरांकडे आणि औषधांच्या दुकानांत गेल्या, आणि चित्राबरोबर कंपनीचं नावही भिंतीवर लागलं. म्हणजे ही जाहिरातच.

जाहिरात म्हणून ते हलकं ठरत नाही. थॉमने विषयाचा अभ्यास केलेला दिसतो. ही शस्त्रक्रिया पुष्कळांना नाकाची वाटते. ती कानाच्या पाळीची आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, कान जोडण्याचे १५ प्रकार सांगितले आहेत. पाळीच उरली नसेल तर गालाचं मांस उचलून तिथे बसवायचं, पण ते मुळाशी जोडलेलं, जिवंत राहिलं पाहिजे. आजचे प्लास्टिक सर्जन ज्याला फ्लॅप म्हणतात, त्याचं तत्त्व हेच. शस्त्रकर्माआधी मद्य पाजण्याची सूचनाही संहितेत आहे, आणि चित्रातला रुग्ण मद्याच्या अमलाखालीच दाखवला आहे. एका औषध कंपनीच्या कामासाठी इतकं बारकाईने वाचलं गेलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता त्याने क्षण कुठला निवडला ते बघा. शस्त्र अजून लागलेलं नाही. रक्त नाही.

याच मालिकेत जे. मॅरियन सिम्स या अमेरिकन शल्यचिकित्सकाचं चित्र आहे. तिथेही तपासणीआधीचाच क्षण. टेबलावर पूर्ण कपड्यांत एक गुलाम कृष्णवर्णीय स्त्री, पडद्याआडून बघणाऱ्या आणखी दोघी, आणि समोर शांत उभे डॉक्टर. प्रत्यक्षात १८४०च्या दशकात सिम्सने अशा स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या; अ‍ॅनार्का नावाच्या तरुणीवर सुमारे ३० वेळा. डॉक्टरांनी कौतुकाने दवाखान्यात लावावं म्हणून काढलेल्या चित्रात ही वेदना येणार कशी? पैसे देणाऱ्याला काय नको आहे, हे चित्रकाराला न सांगताही कळतं. सुश्रुतांच्या चित्राकडेही मी आता याच नजरेने बघतो.

याच्या शेजारी मला दुसरं एक चित्र ठेवायचंय. १७९२च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान कैद झाला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने त्याला समोर बसवून व्यक्तिचित्र काढलं. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत छापून आली, आणि १८१४मध्ये जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. सवाई माधवरावांचं आणि नाना फडणविसांचं चित्र काढणारा वेल्स तो हाच. १७९५मध्ये तो वारला, तोही आपल्या या साष्टी बेटावरच.

कावसजीच्या चित्रात रुग्णाला नाव आहे, चेहरा आहे, कपाळावर व्रण आहे. नाक बसवणाऱ्याचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. थॉमच्या चित्रात बरोबर उलट: वैद्य सुप्रसिद्ध, रुग्ण अनाम.

इथे बसलेल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. दवाखान्यातलं सुश्रुतांचं चित्र काढू नका. त्याखाली एक पट्टी लावा: रॉबर्ट थॉम, पार्क-डेव्हिस कंपनीसाठी, विसावं शतक. आणि जागा असेल तर बाजूला कावसजीला लावा.