अंजनेरी : कड्यावरची गिधाडे आणि पठारावरचे कंदीलपुष्प

(दृश्य : नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावरून दिसणारा अंजनेरीचा कडा)

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे निघाले की डाव्या हाताला जो प्रचंड कातळ बराच वेळ आपली सोबत करतो, तो अंजनेरीचा डोंगर. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून तो घरोघरी परिचित आहे आणि माथ्यावरच्या अंजनीमातेच्या दर्शनाला वर्षभर भाविकांची रीघ असते. मात्र या माथ्यावर उगवणारी एक वनस्पती आणि या कड्यांच्या कपारींत घरटी करणारी गिधाडे यांचेही हे घर आहे, आणि राज्य शासनाने २०१७ साली येथील सुमारे ५.६९ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित केले आहे, हे गड चढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

माथ्यावरच्या या सपाट कातळावर मातीचा थर कित्येक ठिकाणी वीतभरही नाही. वैशाखात ते सारे उजाड वाटते. पण पावसाने जोर धरला की त्याच खडकाच्या खळग्यांत पाणी साचते आणि भाद्रपद येईपर्यंत सोनकी, तेरडा, सीतेची आसवं यांनी पठार भरून जाते. सीतेच्या आसवांची नाजूक जांभळी फुले सर्वांनी पाहिलेली असतात. त्यांच्या मुळाशी, ओल्या मातीत, सूक्ष्म जीव पकडणाऱ्या बारीक पिशव्या असतात, कारण या हलक्या जमिनीत नत्राचा तुटवडा असतो आणि तो या वनस्पतीला शिकारीतून भरून काढावा लागतो.

(दृश्य : गवतातील कंदीलपुष्प, अगदी जवळून)

याच गवतात लक्षपूर्वक शोधले तर सापडते ते कंदीलपुष्प. खरपुडीच्या कुळातील या जातीचे शास्त्रीय वर्णन २००६ साली प्रसिद्ध झाले आणि डोंगराच्या नावावरूनच तिला ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे नाव मिळाले. या फुलाची रचना पाहण्यासारखी आहे. खाली फुगीर, वर नळीसारखे निमुळते आणि टोकाशी पाकळ्या जुळून झालेला कंदिलाचा आकार. वासाने ओढली गेलेली चिलटाएवढी माशी नळीत शिरते. आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तिला आत जाता येते, परंतु परतता येत नाही. तळाशी धडपडताना परागांची पुंजी तिच्या अंगाला चिकटते. पुढे केस सुकून गळतात, वाट मोकळी होते आणि ती माशी दुसऱ्या फुलाकडे जाते. उन्हाळ्यात ही वनस्पती जमिनीखालच्या कंदाच्या रूपात तग धरून असते. म्हणूनच पायवाट सोडून गवतातून चालणारी माणसे, फुलांत बसून काढली जाणारी छायाचित्रे आणि हौसेने उपटलेली रोपे यांचे नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. माती दबली किंवा वाहून गेली, की कंदाला जागाच उरत नाही.

(दृश्य : कड्यावरून घिरट्या घेणारी गिधाडे)

पठाराची कड संपते तिथे गिधाडांचे घर सुरू होते. लांब चोचीचे हे गिधाड उंच कड्यांच्या कपारीत घरटे करते आणि हिवाळ्यात मादी एकच अंडे घालते. एकेकाळी गावोगावी दिसणारा हा पक्षी १९९० नंतरच्या काही वर्षांत झपाट्याने नाहीसा होत गेला. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे त्याचे कारण आहे, हे २००४ साली सिद्ध झाले. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. जनावरांसाठी या औषधावर भारतात २००६ साली बंदी आली, तर गिधाडांना तशाच घातक ठरणाऱ्या अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या वेदनाशामकांवर २०२३ साली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे, आणि गोठ्यातल्या आजारी बैलाला कोणते इंजेक्शन दिले जाते, यावर कड्यावरच्या पिल्लाचे जगणे अवलंबून आहे.

नाशिक जिल्ह्याने या कामात पुढाकार घेतला आहे. रामशेजजवळचा बोरगड २००८ साली महाराष्ट्रातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र ठरला. हरसूल परिसरातील खोरीपाडा येथे वनविभाग आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांसाठी खाद्यस्थळ उभारले. मेलेले जनावर तेथे पोहोचवणारे आदिवासी बांधव या संवर्धनाचे खरे आधार आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने आलेला हा ‘संवर्धन राखीव’ दर्जा मला विशेष मोलाचा वाटतो. तो सरकारी जमिनीला, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून दिला जातो आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींनाही स्थान असते.

काही वर्षांपूर्वी गडावर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी त्याला ठाम विरोध केला. तो विरोध योग्यच होता. कडा फोडून रस्ता झाला असता, तर गिधाडांची वस्ती उठली असती आणि पठारावर गाड्यांची वर्दळ सुरू झाली असती. पायऱ्यांनी आणि पायवाटेने दर्शन आजही सुखरूप घडते.

आता सिंहस्थाच्या निमित्ताने त्र्यंबक परिसरात अलोट गर्दी होणार आहे. पठारावरच्या पायवाटेची स्पष्ट आखणी, फुलांच्या हंगामात माथ्यावरच्या संख्येला मर्यादा, कचरा खाली आणण्याची सक्ती आणि हिवाळ्यापासून कड्यांजवळ ड्रोन व ध्वनिक्षेपकांना पूर्ण मनाई, हे निर्णय गर्दी येण्याआधीच व्हायला हवेत. जानेवारी-फेब्रुवारीत कपारीतल्या पिल्लाला अजून उडता येत नसते आणि भेदरलेले आईबाप घरटे सोडून गेले, तर त्या जोडीचे सबंध वर्ष वाया जाते.