मस्टरवर सही आहे, पण काम?

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, केली असेल. रिपोर्ट हातात आला की पांढऱ्या पेशींचा आकडा बघायचा, तो ठीक दिसला की कागदाची घडी पिशवीत. मी या रिपोर्टला मस्टर म्हणतो. कोण हजर आहे, एवढंच त्यातून कळतं. हजर माणूस काम करतो की नाही, हे मस्टरवरून कळतं का? कचेऱ्यांचा अनुभव तुम्हालाही आहेच.

एक बाळ डोळ्यांपुढे आणा. जन्मल्यावर बीसीजी, म्हणजे क्षयाविरुद्धची जिवंत पण दुबळ्या जंतूंची लस, टोचली. काही महिन्यांनी त्याच बाजूच्या काखेत गाठ आली, पिकली, वाहू लागली. मग न्युमोनिया झाला, मग यकृतात गळू. सीबीसी पाहावी तर पांढऱ्या पेशी भरपूर, उलट वाढलेल्या! अशा वेळी सीजीडी, म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, या आजाराची शंका घ्यावी लागते. यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. निरोगी पेशी जंतू गिळला की ऑक्सिजन वापरून एक जहाल रसायन तयार करते. या मुलांमध्ये ते तयार करणारं एन्झाइमच बिघडलेलं असतं. जंतू पोटात, आणि जिवंत.

हे तपासायची जुनी पद्धत एनबीटी, 1960 च्या दशकातली. पिवळसर रंगद्रव्य पेशींना द्यायचं. पेशी कामाची असेल तर ती गडद निळी होते. सूक्ष्मदर्शकाखाली बसून एकेक पेशी मोजायची. मला ती अजून आवडते. पण आता भरवसा डीएचआर चाचणीवर. यात पेशींमध्ये डीएचआर नावाचं रंगद्रव्य सोडतात, मग त्यांना मुद्दाम डिवचतात. जहाल रसायन तयार झालं की डीएचआर हिरवा चमकतो. फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात लेझरसमोरून पेशी एकामागोमाग एक जातात आणि किती चमकल्या याचा आलेख निघतो. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्थेत अशा तपासण्या होतात.

आता अडचण अशी की ही जिवंत पेशींची परीक्षा आहे. थायरॉइडच्या सॅम्पलसारखं हे रक्त दोन दिवस पडून चालत नाही. शक्यतो चोवीस तासांच्या आत हवं. आणि बर्फात घालू नका हो, ते काही पापलेट नाही! साध्या तापमानाला ठेवायचं. शिवाय त्याच वेळी एका निरोगी माणसाचंही रक्त काढायचं. प्रवासात दोघांच्याही पेशी निकामी झाल्या असतील, तर दोष बाळाचा नाही हे त्यावरून ओळखता येतं. हा निरोगी माणूस पुष्कळदा लॅबमधलाच कुणीतरी असतो, बिचारा बाही सरसावून बसलेला.

बाजारात ‘इम्युनिटी पॅकेज’ नावाच्या जाहिराती दिसतात. त्यातल्या बऱ्याच पॅकेजांत सीबीसी, जीवनसत्त्वं, असंच काहीसं असतं. ते करा, न करा. पण पेशींचं काम तपासलं, असं समजू नका.

बाळाचा आलेख सपाट आला, तर आम्ही आईचंही रक्त मागतो. या आजाराचा एक मोठा प्रकार एक्स गुणसूत्रातून, म्हणजे आईकडून मुलग्याकडे, येतो. वाहक आईच्या आलेखात दोन शिखरं दिसतात : काही पेशी लख्ख चमकणाऱ्या, काही अंधाऱ्या. आई स्वतः बहुधा ठणठणीत असते. मग मी विचारतो, तुमचा एखादा भाऊ लहानपणीच गेला का हो? कधी कधी खोलीत एकदम शांतता पसरते, आणि आजी मान हलवते.

त्यानंतर मावशीची तपासणी. मावशीला दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं : बाळ जन्मलं की बीसीजी थांबवा, आधी हे रक्त पाठवा.