उभ्या गाडीचं भाडं

[दृश्य: लासलगाव बाजार समितीबाहेरचा रस्ता. सकाळ. कांद्याच्या गोण्या भरलेली दहा टायरची गाडी.]

कांद्याच्या गाडीला ताडपत्री कधी गच्च आवळत नाहीत. वरून झाकायची, बाजू मोकळ्या सोडायच्या. कांद्याला हवा लागते. हवा कोंडली की आतल्या गोण्या तापतात आणि काही दिवसांत खालच्या थराला पाणी सुटतं. म्हणून ही गाडी भरली की पळाली पाहिजे. ती थांबली, तर माल व्यापाऱ्याचा असला तरी घोर ड्रायव्हरला.

ही गोष्ट थांबलेल्या गाड्यांची आहे.

[दृश्य: मुंबई-आग्रा महामार्ग, चांदवडजवळ.]

७ डिसेंबर २०२३. दिल्लीत अधिसूचना निघाली. ३१ मार्चपर्यंत कांद्याची निर्यात बंद, अंमल दुसऱ्या दिवसापासून. नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले, शेतकरी रस्त्यावर उतरले. चांदवडला महामार्ग अडवला गेला. ११ डिसेंबरला त्या आंदोलनात शरद पवारही होते. अशा आंदोलनाच्या बातमीत शेतकरी दिसतो, व्यापारी दिसतो, पुढारी तर दिसतोच. ट्रकची रांग असते ती मागे, देखाव्यासारखी.

त्या वर्षी हा पहिला दणका नव्हताच. ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, तेव्हा लिलाव बंद पडले. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, पुन्हा तेच. शहरात कांदा महागू नये हा सरकारचा हेतू. शेतकऱ्याचं त्यावर काय म्हणणं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपण जरा स्टिअरिंगमागे बसू.

[दृश्य: केबिन. डॅशबोर्डवर बिल्टी म्हणजे मालाची वाहतूक पावती, पाण्याची बाटली, नोटांची घडी.]

लांब पल्ल्याच्या बहुतेक ड्रायव्हरांचं पोट फेरीवर चालतं. ठरलेला पगार बेताचाच. खरी कमाई भत्त्याची, आणि निघताना मालक जी खर्ची हातावर ठेवतो तिच्यातून जे उरेल त्याची. खर्चीतून जेवण, पंक्चर, हमाली, वाटेतली देणीघेणी. चार दिवसांची फेरी आठ दिवसांची झाली, तर भत्ता तेवढाच आणि जेवण दुप्पट. हिशेब इतका साधा आहे.

आता हा हिशेब सीमेवर नेऊन बघा. १४ सप्टेंबर २०२०, तेव्हाही निर्यातबंदी अशीच अचानक आली होती. बांगलादेशच्या हद्दीवर पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर इथे कांद्याचे ट्रक अडकून पडले. त्यात नाशिकचा माल होता. धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत, दोन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर कापून पोचलेला. काही दिवसांनी ठरावीक मालाला सूट मिळाली. तोवर गोण्यांना वास सुटला होता. इथे व्यापाऱ्याचं नुकसान मोठं, यात वाद नाही. पण व्यापारी फोनवर होता आणि ड्रायव्हर गाडीखाली चटई टाकून. माल सोडून त्याला जाता येत नाही. शिवाय माल खराब निघाला की भाड्यातून कपात होते आणि ती झिरपत त्याच्यापर्यंत येते.

गाडी उभी राहिली तर रोजचे किती, याला ट्रान्सपोर्टच्या धंद्यात हॉल्टिंग म्हणतात. मोठ्या कंपनीच्या करारात त्याचा दर लिहिलेला असतो. बाजारातून, दलालाच्या फोनवर उचललेल्या भाड्यात तो बहुतेकदा तोंडी असतो. आणि तोंडी दर वसूल करायला सवड कुणाला आहे? परतीचं भाडं शोधायचं असतं.

[दृश्य: पेट्रोल पंप. डिझेल भरताना मीटरचे आकडे.]

डिझेलवरचं सरकारी नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठलं. जून २०१७ पासून भाव रोज बदलायला लागले. कल्पना वाईट नव्हती. जगात तेल उतरलं की इथेही उतरेल, असं सांगितलं गेलं. २०२० साली जगात तेल खरोखरच कोसळलं. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढवला. केंद्राचा एकूण कर ३१ रुपये ८३ पैशांवर गेला आणि नोव्हेंबर २०२१ पर्यंत जवळपास तिथेच राहिला. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते असं धरा. घोजाडांग्याच्या एका खेपेला पाचशे लिटर. म्हणजे एका बाजूच्या प्रवासात जवळपास सोळा हजार रुपये नुसत्या केंद्राच्या कराचे. राज्याचा व्हॅट वेगळा. डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे.

एकाच गाडीचा मालक डिझेल वाढलं म्हणून भाडं वाढवू शकत नाही. भाडं ठरतं ते ट्रकच्या अड्ड्यावर त्या दिवशी किती गाड्या रिकाम्या उभ्या आहेत त्यावर. गाड्या जास्त असल्या की दुसरा कुणीतरी 'पडत्या'त, म्हणजे पडेल त्या भावात, माल उचलतो. मग मालक खर्ची कापतो. किंवा क्लीनर काढून टाकतो आणि रात्रभर एकट्यालाच गाडी हाणायला लागते.

[दृश्य: मुलुंडचा जुना जकात नाका.]

जीएसटीने वाहतूकदारांचं भलं केलं, हे मोकळेपणाने कबूल केलं पाहिजे. १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात गेली, राज्याराज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके गेले. जिथे रात्री जायच्या तिथे गाडी न थांबता निघायला लागली. पण तो वाचलेला वेळ गेला कुठे? मालकाकडे, जास्त फेऱ्यांच्या रूपाने. तेवढ्याच गाड्या जास्त माल ओढायला लागल्या. वर जुलै २०१८ मध्ये सरकारने वजनाची मर्यादाच वाढवली. दहा टायरच्या गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. ओव्हरलोडच्या दंडाची भीती कमी झाली, खरं आहे. पण एका रात्रीत देशभरच्या गाड्यांची क्षमता वाढली आणि माल मात्र तेवढाच राहिला. पुढे मंदीचं वर्ष आलं. टनामागचं भाडं घसरलं. गाडीच्या कर्जाचा हप्ता कोणी कमी केला नाही.

फास्टॅगचंही तसंच. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला, टोलवरची रांग आटली. सोबत टोलची रोकडही ड्रायव्हरच्या हातातून गेली. त्या रोकडीत तो दोन पैसे इकडचे तिकडे करायचा. त्याला चोरी म्हणायचं तर म्हणा. पगार पुरत नसला की असे झरे लागतात, आणि झरे बुजवताना पगार वाढवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

[दृश्य: गोदामाच्या दारात गाडी, माथाडी कामगार गोण्या उतरवताना.]

आणि मग वाराई. गाडी मुक्कामी पोचली की उतरवण्याचे पैसे ड्रायव्हरकडे मागितले जातात. माल त्याचा नाही, गोदाम त्याचं नाही, मजूर त्याने बोलावलेला नाही. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची घोषणा महाराष्ट्रात वर्षानुवर्षं फिरते आहे. दारात गाडी अडली की मात्र ती कुणी ऐकून घेत नाही. हमालालाही पोट आहे. दोन गरिबांना एकमेकांसमोर उभं करून माल घेणारा आत एसीत बसतो, मला याचाच राग येतो.

[दृश्य: मनमाडजवळ पानेवाडी. टँकरची रांग.]

निर्यातबंदीला महिनाही झाला नव्हता, तेव्हा याच नाशिक जिल्ह्यात पानेवाडीच्या तेल डेपोंवर टँकरचालकांनी गाड्या लावून दिल्या. १ जानेवारी २०२४. अपघात करून न कळवता पळून गेलेल्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं नव्या फौजदारी कायद्याचं, भारतीय न्याय संहितेचं, कलम १०६(२) होतं. दुसऱ्याच दिवशी पंपांवर रांगा लागल्या. रात्री दिल्लीत बैठक झाली, चर्चेशिवाय कलम लागू करणार नाही असं सरकारने सांगितलं. जुलैत संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. यात जीव दगावलेल्यांच्या घरच्यांची बाजू आहेच. थांबला तर जमाव मारतो, ही ड्रायव्हरांची भीतीही खोटी नाही.

[दृश्य: न्हावा शेवा बंदराकडे जाणारा रस्ता. कंटेनर.]

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. चांगलंच झालं. पण छोट्या मालकाकडे येते ती तिसऱ्या हातची गाडी. तिच्या केबिनमध्ये एप्रिलातला रायपूरचा उन्हाळा तसाच राहणार.

कांद्यावरचं निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ ला शून्य झालं. लासलगावहून न्हावा शेव्याला जाणाऱ्या गाड्या पुन्हा भरतात. रस्त्यावर भेटलेल्या ड्रायव्हरांना आम्ही विचारलं, सरकारकडून काय हवं? त्यांनी कर्जमाफी मागितली नाही, अनुदान मागितलं नाही. बिल्टीवर हॉल्टिंगचा दर छापील हवा, दुसऱ्या दिवसापासून लागू. निर्यातीचा निर्णय फिरला तर वाटेत असलेल्या मालाला सूट हवी. आणि बंदराबाहेर रांगेत थांबायचंच असेल, तर तिथे एक संडास.